केटचा हिशेब कुणी मांडायचा?

दोन पुरुषांच्या प्रेमकथेचा शेवट गोड झाला, तर आपण बायकांनी टाळ्या वाजवायच्या का? जरूर वाजवायच्या. पण त्या गोडव्याची किंमत कुणी मोजली, एवढं विचारून मगच.

हा प्रश्न आज काढायचं कारण एक पुस्तक आहे. नाशिकला द्वारका चौकाजवळ आमच्या संस्थेची एक खोली आहे. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता तिथे एकमेकांना भेटतात, त्यामुळे बाहेर ट्रकचे हॉर्न अखंड चालू असतात. या खोलीत दर शनिवारी आमचा वाचन गट जमतो. कॉलेजच्या मुली येतात, दुकानात आणि दवाखान्यात नोकरी करणाऱ्या येतात, दोन-तीन संसारी बायकाही येतात. यातल्या बऱ्याच मुली फोनवर इंग्रजी प्रेमकथा वाचतात, आणि त्यांतल्या पुष्कळ कथांत नायक-नायिका नसतात, दोन नायक असतात. या कथांचा मोठा बाजार आहे. लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुतेक बायकाच.

असं का, हे मी मुलींना विचारलं. एक म्हणाली, "ताई, त्यात चहा कुणी करायचा हे जन्मानं ठरलेलं नसतं." दुसरी म्हणाली, "भांडण झालं तर दोघं सारख्याच ताकदीचे असतात. वाचताना भीती वाटत नाही." या दोन वाक्यांत आपल्या कुटुंबसंस्थेवरची जी टीका आहे, ती आपल्या कितीतरी शिबिरांत होत नाही. म्हणून या वाचनाला नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. ज्या मुलीला बरोबरीचं प्रेम आजूबाजूला कुठेच दिसत नाही, ती ते दोन पुरुषांच्या गोष्टीत शोधते. यात तिचं काय चुकलं?

मात्र प्रेम बरोबरीचं आहे एवढ्यावर गोष्ट न्याय्य ठरत नाही. त्या दोघांच्या भोवती जी माणसं आहेत, त्यांचं काय झालं हेही पाहावं लागतं. आमच्या गटाने या दिवाळीत जॉश लॅनियन यांची एक मालिका घेतली. हे पुरुषी टोपणनाव आहे, लिहिणारी बाई आहे. मालिकेचा निवेदक एड्रियन इंग्लिश. अमेरिकेत कॅलिफोर्नियात त्याचं रहस्यकथांच्या पुस्तकांचं दुकान आहे, हृदयाचा आजार आहे, आणि तो उघडपणे समलिंगी आहे. दुसरा नायक जेक रिऑर्डन, लॉस एंजलिसचा पोलीस अधिकारी, स्वतःची ओळख जिवापाड लपवणारा. पहिलं पुस्तक 'फेटल शॅडोज' २००० साली आलं. २००६ च्या 'द हेल यू से'मध्ये जेक एड्रियनला सोडतो, कारण पोलीस खात्यातलीच केट त्याच्यापासून गरोदर असते. तो तिच्याशी लग्न करतो. २००८ च्या 'डेथ ऑफ अ पायरेट किंग'मध्ये आपल्याला कळतं की केटचा गर्भ टिकला नाही, लग्न मात्र चालू आहे, आणि जेकचे पुरुषांशी संबंधही चालू आहेत. २००९ च्या 'द डार्क टाइड'मध्ये जेकने आपली ओळख जाहीर केलेली असते, पोलिसातली नोकरी सोडलेली असते, केटपासून तो वेगळा होत असतो, आणि अखेर एड्रियन आणि तो एकत्र येतात.

त्यानंतर आठ वर्षांनी, २०१७ साली, या दोघांची शेवटची छोटी कादंबरी आली, 'सो धिस इज ख्रिसमस'. नाताळची कादंबरिका हा तिकडचा जुना रिवाज आहे. डिकन्सने 'अ ख्रिसमस कॅरल' १८४३ च्या डिसेंबरात काढलं. आपल्याकडे का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून सण आणि गोष्ट आपल्या घरातही जोडीनं येतात. सणाच्या गोष्टीकडून वाचकाची एक अपेक्षा असते: तुटलेलं जुळावं, दूर गेलेला परत यावा, रुसलेल्याने पाटावर बसावं. मालिकेची शेवटची गोष्ट जर सणाची असेल, तर वाचक तिला आधीच क्षमा करून बसलेला असतो.

या कादंबरिकेत काय आहे? एड्रियन आणि जेक इंग्लंडमधला नाताळ आटोपून ठरल्यापेक्षा लवकर घरी येतात. दुकानात घोळ झालेला असतो. एक जुना ओळखीचा तरुण आपला बेपत्ता जोडीदार शोधून द्या म्हणून येतो. शोध लागतो. संवाद चटपटीत आहेत, दोघांतली माया खरी वाटते. गटातल्या मुलींना पुस्तक आवडलं. माझी निराशा झाली, आणि ती का झाली हे मी त्यांना सांगितलं तेच इथे सांगते.

चार पुस्तकांचा सगळा ताण एका लग्नावर उभा होता. जेक लपत होता, त्या लपण्याचा आडोसा म्हणजे केट. ती गरोदर राहिली, तिचा गर्भ गेला, नवरा तिच्या पाठीमागे दुसरं आयुष्य जगत राहिला, आणि एके दिवशी त्याने धैर्य दाखवलं, तेव्हा त्या धैर्याचं कौतुक सगळ्यांनी केलं. मालिका सगळी एड्रियनच्या तोंडून आहे. म्हणजे केटचं जे काही आपल्याला कळतं, ते तिच्या नवऱ्याच्या प्रियकराच्या तोंडून. तिची बाजू तिच्या शब्दांत कुठेच नाही. शेवटच्या पुस्तकात निदान तिचा हिशेब होईल असं मला वाटलं होतं. पण सण आला, बेपत्ता तरुणाचा शोध सुरू झाला, आणि केटचा प्रश्न आमच्यापुढे होता तिथेच राहिला. आणि लिहिणारी बाईच आहे, हे मला जास्त लागलं.

"ताई, ती नायिका थोडीच आहे?" असं गटात एकीने विचारलं. बरोबर आहे. आपल्या समाजातही ती नायिका नसते. ती फक्त बायको असते.

माझ्या कामात केट मला भेटते. सल्ला केंद्रात नवऱ्याविरुद्धच्या तक्रारींमध्ये ही तक्रार सरळ कधीच येत नाही. बाई सांगते, ते जवळ येत नाहीत. सांगते, मूल होत नाही म्हणून सासू बोलते. सांगते, माझ्यातच काही खोट असेल. चौथ्या-पाचव्या भेटीत, खाली मान घालून, फोनवर पाहिलेल्या एखाद्या संदेशाबद्दल बोलते. एका बाईने लग्नानंतर तीन वर्षं उपास, नवस, मूल होण्यासाठीचे औषधोपचार सगळं केलं होतं. सासरच्यांना लग्नाआधीपासून ठाऊक होतं. "लग्न केलं की सुधारेल," असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणजे या घरात सून आणली ती औषध म्हणून. औषधाचा गुण आला नाही, तेव्हा दोष औषधालाच दिला.

आता ही बाई कायद्याकडे जाते तेव्हा काय होतं पाहा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे लग्न रद्द करून घ्यायचं, तर तिला नवऱ्याच्या नपुंसकत्वामुळे शरीरसंबंधच आला नाही असं म्हणावं लागतं, नाहीतर फसवून संमती घेतली असं म्हणावं लागतं. फसवणूक म्हणायची तर ती उघडकीस आल्यापासून एका वर्षात अर्ज करायला हवा, आणि कळल्यानंतर ती आपल्या मर्जीने नवऱ्याबरोबर नांदली असेल तर तोही रस्ता बंद. ज्या बाईला "कळलं" हे स्वतःशी कबूल करायलाच दोन वर्षं लागतात, तिच्यासाठी हे एक वर्ष म्हणजे थट्टा आहे. कलम १३ च्या पोटकलम २ मध्ये पत्नीला घटस्फोटाची काही जादा कारणं दिली आहेत. त्यांतलं एक कारण असं, की नवरा बलात्कार, गुदमैथुन किंवा पशुगमन यांचा दोषी आहे. तिन्ही एका ओळीत. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३७७ नाहीच. विवाह कायद्यातली ती ओळ मात्र जागच्या जागी आहे. म्हणजे बाईला सुटका हवी असेल तर तिने नवऱ्याला नपुंसक म्हणायचं, लबाड म्हणायचं, नाहीतर पशूच्या रांगेत बसवायचं. "आम्हा दोघांनाही या लग्नात ढकललं गेलं" असं खरं सांगायला त्या अर्जात रकाना नाही.

इथे दोन बाजूंनी आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत.

पहिला आक्षेप चळवळीतल्याच काही जुन्या मैत्रिणींचा. त्या म्हणतात, "बघ, आम्ही सांगतच होतो. हे पुरुष बायकांना फसवतात. आपण बायकोच्या बाजूने उभं राहायचं, त्यांचे झेंडे आपण का घ्यायचे?" मैत्रिणींनो, बायकोच्या बाजूने उभं राहायचंच आहे. पण तिला फसवलं कुणी? मुलाच्या पत्रिकेबरोबर मुलीची पत्रिका जुळवणाऱ्यांनी. "लोक काय म्हणतील" म्हणून मुलाला बोहल्यावर उभं करणाऱ्यांनी. मुलाने खोटं बोलू नये हे खरंच, आणि सज्ञान पुरुष म्हणून त्याची जबाबदारी मी एका पैशाने कमी करत नाही. बायकोला अंधारात ठेवून त्याने बाहेर सुख शोधलं असेल, तर त्याला पुरुष असण्याची सवलत मिळालेलीच असते. पण ज्या व्यवस्थेत लग्न न करण्याची मुभा मुलीला नाही आणि मुलालाही नाही, त्या व्यवस्थेला सोडून फक्त त्याच्यावर तुटून पडलो, तर उद्या दुसऱ्या घरात दुसरी केट तयार होईल.

शिवाय या प्रश्नात बायका फक्त बायको म्हणूनच येत नाहीत. १९९८ च्या डिसेंबरात मुंबईत 'फायर' चालू असलेल्या चित्रपटगृहांवर शिवसैनिकांनी हल्ले केले, तेव्हा स्त्रीसंघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या होत्या. त्या चित्रपटातल्या दोघी जावा होत्या, म्हणजे कुणाच्या तरी बायकाच. दोन बायका एकत्र राहायला घराबाहेर पडल्या की बाप हरवल्याची तक्रार देतो आणि पोलीस त्यांना "सुखरूप" घरी पोचवतात, हेही आपल्याला नवीन नाही. केट आणि त्या दोघी यांचा छळ करणारा एकच आहे: लग्न सक्तीचं करणारं घर.

दुसरा आक्षेप तरुण मुलींचा, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. त्या म्हणतात, "इतकी वर्षं समलिंगी माणसाची गोष्ट मरणावरच संपत होती. आता त्यांना एक सण तर सुखाने साजरा करू द्या." खरं आहे. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडींनी केलेली सुमित्रा, म्हणजे मित्रा, एका मुलीवर प्रेम करते आणि शेवटी जीव देते. गोष्ट सांगतो तो बापू, तिच्यावर प्रेम करणारा पुरुष. त्या काळात हा विषय मंचावर आणणं धाडसाचं होतंच. पण तिथेही बाईची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून आली, आणि बाई गेली. त्या मरणापुढे दोन माणसं नाताळच्या दिव्यांत एकत्र बसलेली पाहायला मिळणं ही काही लहान गोष्ट नाही.

तरीही मी म्हणते, मरण किंवा सण एवढे दोनच शेवट आपल्यापुढे आहेत असं नाही. मराठीतच पाहा. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' मौजेने २००६ साली काढली. तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण घरात राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते, तो तिला सोडतो, ती एकटी घरी परत येते. लेखकाने पुस्तकाचे दोन भाग केले: पहिल्यात तनय बोलतो, दुसऱ्यात अनुजा. दोघांचं दुःख एकाच माणसाने दिलेलं, पण भावाचं मोठं आणि बहिणीचं त्याच्या गोष्टीतली अडचण, असं तिथे नाही. चेतन दातारांच्या '१, माधवबाग'मध्ये मुलगा समलिंगी आहे आणि बोलते ती त्याची आई. सगळं नाटक तिचं.

आणि अगदी अलीकडचं उदाहरण तर आमच्या वाटेवरचं आहे. द्वारकेहून निघालेला पुणे रस्ता सिन्नरवरून संगमनेरला जातो. त्याच संगमनेर तालुक्यातल्या खरशिंदे गावात रोहन कानवडे यांनी 'साबर बोंडं' चित्रित केला. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात त्याला परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो आपल्या चित्रपटगृहांत लागला. वडील वारले म्हणून मुंबईत नोकरी करणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तिथे त्याला बाळ्या भेटतो, लहानपणीचा मित्र, शेती करणारा. "आता लग्न कर" हा धोशा दोघांच्याही मागे आहे. या गोष्टीत सण नाही, फराळ नाही, रोषणाई नाही. सुतक आहे आणि नवरा गेलेली आई आहे. पण ती आई मुलाला ओळखून आहे, आणि त्याचं लग्न लावून टाकलं की सुटलो, असं ती म्हणत नाही. तिच्या या एका नकारामुळे कुठल्या तरी गावातली एक मुलगी केट होण्यापासून वाचते. त्या मुलीचं नाव चित्रपटात असायची गरजच उरत नाही.

म्हणून माझी तक्रार सुखान्ताविरुद्ध नाही. १९८२ च्या 'उंबरठा'त सुलभा घरी परतते, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली तिला कळते, आणि ती पुन्हा घराबाहेर पडते. तो शेवट काही गोड नव्हता, तरी आपल्यापैकी कितीजणी तो पाहून ताठ मानेने थिएटरबाहेर पडल्या! हिशेब चोख होता म्हणून.

सणाचा शेवट फसवा वाटतो, कारण भाऊबीज संपल्यावर काय, हे तो सांगत नाही. खरे शेवट कागदावर होतात. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्र सरकारने काही गोष्टी कळवल्या: समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडता येईल आणि एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमता येईल, रेशन कार्डासाठी त्यांना एकाच घरातले धरावं, जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. ऐकायला रुक्ष आहे. पण ज्यांचं प्रेम आहे त्यांना विचारा, दिवाळीला घरात घेतलं हे मोठं, की रेशन कार्डावर नाव लागलं हे मोठं. केटलाही तेच विचारा. "तू किती समजूतदार आहेस" हे शब्द हवेत, की स्त्रीधन, पोटगी, राहायला जागा आणि "दोष तुझा नव्हता" हे चारचौघांत सांगितलेलं वाक्य?

तेव्हा आपल्या गटांनी करण्यासारखं काय आहे?

सल्ला केंद्रात अशी बाई आली, तर तिच्या वकिलाला सुटकेसाठी सर्वांत अपमानकारक आरोप निवडू देऊ नये. परस्परसंमतीने घटस्फोट होत असेल तर तो करावा, पण संमतीच्या नावाखाली तिचे पैसे आणि दागिने बुडू देऊ नयेत. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा मानसिक आणि आर्थिक छळालाही हिंसाच मानतो आणि तिला राहत्या घरातून काढता येत नाही असं सांगतो, हे तिला पहिल्याच भेटीत कळलं पाहिजे.

समलिंगी पुरुषांच्या संस्थांशी आपण बोलायला हवं. मुंबईला हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करत आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट २००२ साली सुरू केला. त्यांच्याकडे लग्नाआधीचा मुलगा येतो, आपल्याकडे लग्नानंतरची बायको. दोघांची गाठ आपण लग्नाआधी पाडू शकलो, म्हणजे त्या मुलाला "नाही" म्हणायला बळ देऊ शकलो, तर आपल्या दारात येणाऱ्या बायका कमी होतील. विवाह कायद्यातली ती ओळ बदलण्याची मागणीही या दोन चळवळींनी मिळून करायला हवी.

आणि विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या शिबिरांत आपण मुलींना स्वयंपाकघर आणि सासू यांच्याबद्दल बोलतो, तसं त्यांच्या आई-वडिलांशी याबद्दलही स्पष्ट बोलावं: मुलगा किंवा मुलगी लग्नाला नको म्हणत असेल, तर ते "नको" ऐका. लग्न हा कशावरचाही इलाज नाही.

मुलींनी या प्रेमकथा वाचाव्यात, खुशाल वाचाव्यात. आमच्या गटात पुढच्या महिन्यात आणखी एक घेतोय. फक्त शेवटचं पान मिटण्याआधी एक सवय लावून घ्या. गोष्टीत कुठे एखादी बायको, वाग्दत्त वधू, बहीण किंवा आई होती का ते आठवा, आणि विचारा, ती आता कुठे आहे, काय खाते, कुणाच्या घरात झोपते. लेखिकेने उत्तर दिलं नसेल, तर ते तिला मागा. आपल्या गावात, आपल्या नात्यात अशी कुणी असेल, तर तिच्या घरी जा आणि तिलाच बोलू द्या.